कोंबड्या खोक्यात अंडी घालेनात: तुमच्या परसातले अनुभव सांगा

पाचगावात आमच्या घरामागं मोकळी जागा आहे. तिथं ९ कोंबड्या आहेत, सहा गावरान आणि तीन कावेरी जातीच्या. कावेरी दसऱ्याच्या आसपास अंड्यावर आल्या, गावरान तलंगी दिवाळीनंतर. खुराड्यात सुताराकडून फूट-बाय-फुटाची तीन खोकी करून घेतली, आत भाताचं पिंजर अंथरलं. महिना झाला, त्या खोक्यांत मोजून ४ अंडी मिळाली. बाकीची शेणीच्या ढिगामागं, मोटारीच्या पेटीखाली, गवती चहाच्या गड्ड्यात. परवा जळणाला शेणी काढताना एकदम १३ निघाली. पाण्यात सोडून बघितली तर ५ वर तरंगली, ती टाकून द्यावी लागली.

अंडी वाया जातात त्याचं वाईट वाटतंच, पण मला काळजी आहे ती सासूबाईंची. त्या ७४ वर्षांच्या आहेत. कोंबडी ओरडली की उठतात आणि वाकून, सापकिरडाचा विचार न करता अडचणीत हात घालतात. कोंबड्या त्यांनीच जीव लावून वाढवल्यात, त्यामुळं 'तुम्ही जाऊ नका' असं सांगणंही जिवावर येतं. त्यांना उभ्यानं खोक्यातनं अंडं उचलता यावं, एवढंच मला करायचं आहे.

तुम्ही काय केलंत, काय फसलं, किती दिवस लागले ते सविस्तर सांगा. दोन ओळींत उरकू नका.

वडणगे, शेतकरी

ताई, आमचं खुराडं उसाला लागून हाय. कोंबडी एकदा उसात शिरली की अंडं गावलं म्हणून समजू नका. एका साली तोड चालू असताना टोळीतल्या मावशींनी हाक मारली, "दादा, हितं कोंबडी बसलीया." बघतो तर पाचटात खुडूक, म्हंजे अंडी उबवायला बसलेली, खाली १४ अंडी. आम्ही धरून चाललेलो की तिला मुंगसानं नेलं.

तेव्हापासनं आजीची रीत परत सुरू केली. आजी उजाडायच्या आत एकेक कोंबडी डालग्यातनं काढायची आणि बोटानं चाचपून बघायची. अंडं हाताला लागलं की ती परत डालग्याखाली, बाकीच्या मोकळ्या. घरात ही कला आता फक्त आमच्या मंडळींना येते. ज्यांना येत न्हाई त्यांनी सगळ्याच कोंबड्या दुपारपर्यंत आत ठेवाव्यात. बहुतेक अंडी सकाळच्या पारीच पडतात. पण एक ध्यानात घ्या. एक अंडं तयार व्हायला २४ तासांहून थोडं जास्त, २५-२६ तास लागतात. त्यामुळं वेळ रोज पुढं सरकते, आणि एखादी कोंबडी दुपारी दोनलाच तयार होते. आठवडाभर तरी अकराला दार उघडायचा मोह धरू नका, दोन-अडीचला उघडा. आत पाणी आणि खाणं भरपूर पायजे, न्हाईतर कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात.

बाहेरच्या जुन्या जागा पण मोडा. आम्ही तिथं बाभळीची शिरी टाकली. आठ दिवस लागले. नवव्या दिवशी सकाळीच दार उघडलं, सगळ्या बाहेर पडल्या, आणि तासाभरानं चौघी आपणहून चालत आत आल्या अंडं घालायला. मंडळींना हाक मारून दाखवलं.

कळंबा, गृहिणी

मी खोटी अंडी ठेवली. खऱ्या अंड्याला टोकाशी भोक पाडून आतलं काढून घेतलं, कवच धुऊन वाळवलं, त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं आणि घट्ट झाल्यावर कवच सोललं. प्रत्येक खोक्यात दोन. तिसऱ्या दिवशी पहिली कोंबडी बसली, मग दुसऱ्या तिच्या मागं. आधीचं अंडं दिसलं की जागा सुरक्षित आहे असं त्यांना वाटत असावं.

आधी मी खरंच अंडं मागं ठेवायची, माझ्या आईकडं तसंच करायचे. त्यातलं एक फुटलं, कोंबड्यांनी चाखलं, आणि पुढं दोघी चोचीनं फोडून खायलाच लागल्या. ती सवय मोडता मोडेना. म्हणून खरं अंडं नको.

कागल, जनावरांच्या दवाखान्यात ३१ वर्षं नोकरी केलेला

ताई, मला तुमच्याकडून एकच माहिती हवी आहे. रात्री कोंबड्या ज्या दांडीवर बसतात, त्या दांडीपेक्षा खोकी वर आहेत की खाली?

विचारण्याचं कारण सांगतो. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागी झोपते. खोकं दांडीच्या वर असेल तर ती खोक्यात किंवा खोक्याच्या काठावर झोपणार आणि रात्रभर शीट टाकणार. सकाळी अंडं घालायला तीच जागा घाण आणि ओली. मग ती दुसरीकडं जाते, आणि तिचं बरोबर आहे. नोकरीत असताना मी गावोगावची खुराडी बघितली. 'आमच्या कोंबड्या हट्टी आहेत' म्हणणाऱ्या दहा घरांतल्या सहा-सात घरी चूक उंचीची असायची.

दांडी जमिनीपासून अडीच-तीन फूट ठेवा. खोकी दीड फुटावर, आणि दारातून येणारा उजेड थेट आत पडणार नाही अशा बाजूला. पुढच्या बाजूला चार इंचांची पट्टी हवी, म्हणजे पिंजर आणि अंडं बाहेर घरंगळत नाही. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं, त्यामुळं तुमची तीन भरपूर आहेत. तोंडाला बारदानाचा पडदा लावा, अर्धा कापून. अंडं घालताना कोंबडीला अंधार आणि आडोसा लागतो. शेणीच्या ढिगामागं तिला तेच मिळालं.

पाचगाव

सर, खोकी दांडीच्या वर आहेत. मांजर पोचू नये म्हणून मीच वर ठोकायला सांगितली होती. दोन खोक्यांत रोज शीट असते आणि मी रोज ती खरवडून काढत होते. असं का होतं हे मात्र कधी डोक्यात आलं नाही. रविवारी खाली घेतो.

उद्यमनगर, लेथवर काम

राहायला जवाहरनगरात, कोंबड्या गच्चीवर, पाच. हाताखाली पत्रा होता म्हणून खोकी पत्र्याचीच केली. थंडीत झकास चाललं. एप्रिलमध्ये एकही कोंबडी आत जाईना, सगळ्या पाण्याच्या टाकीखाली अंडी घालायला लागल्या. दुपारी खोक्यात हात घातला तर चटका बसला. पत्रा काढून प्लायवूड लावलं, वरच्या कडेला हवेसाठी भोकं पाडली, तेव्हा परत आल्या. पत्रा वापरणारच असाल तर सावलीत तरी ठेवा.

दुसरं, कळंब्याच्या ताईंनी अंडी खाण्याचं लिहिलंय. माझ्याकडं एक लाल कोंबडी तशीच होती. तिच्यासाठी उताराचं खोकं केलं. तळाला मागच्या बाजूनं उतार, त्यावर रबरी मॅट, आणि मागं फटीपलीकडं झाकलेला कप्पा. अंडं पडलं की हळू घरंगळत कप्प्यात जातं, तिला दिसतच नाही. पहिल्यांदा फुटाला तीन इंच उतार दिला. कोंबडी पाय रोवून बसू शकेना आणि अंडी आपटून तडकायला लागली. दीड इंचावर आणलं, तेव्हा जमलं. सोबत शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायला लागलो. एका कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की कवच पातळ होतं, पातळ कवच फुटतं, आणि फुटलं की खाण्याची सवय लागते. दोन महिन्यांत तिची खोड गेली.

ताई, तुमच्या सासूबाईंसाठी कप्पा बाहेरच्या बाजूला काढून घ्या आणि वर बिजागरीचं झाकण बसवा. खुराड्यात डोकं घालायला नको. उंचीचं माप पाठवा, मी आकृती काढून देतो.

गगनबावडा

आमच्याकडं पावसाळ्यात कशालाच कोरडेपणा नसतो. पिंजर चार दिवसांत कुजतं आणि पांढरी बुरशी धरते. त्या महिन्यांत मी भाताचं तूस घालते आणि आठवड्याला बदलते.

पण मागच्या वर्षी कोरडं तूस घालूनही कोंबड्या आत जायच्या आणि लगेच अंग झटकत बाहेर यायच्या. तुरे फिके पडले. रात्री बॅटरी घेऊन गेले तर फळ्यांच्या सांध्यात तांबडे बारीक किडे हलत होते. दिवसा ते फटीत लपतात आणि रात्री बाहेर पडून कोंबडीचं रक्त पितात. दिवसाउजेडी बघून काही कळत नाही. सगळं तूस जाळलं, सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, दांड्यासुद्धा धुतल्या. वाळल्यावर आतून-बाहेरून चुना दिला आणि तो पूर्ण सुकेपर्यंत तीन दिवस थांबले. सात दिवसांनी परत उकळतं पाणी, कारण किड्यांच्या अंड्यांतून नवे किडे निघतात. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवली, त्यात त्या लोळतात. त्यानंतर खोक्यांवरचा त्यांचा राग गेला.

गडहिंग्लज

आमची वेगळीच गोष्ट. मार्गशीर्षात अंडी बंद झाली. वाटलं लपवतात. सगळं कुंपण, गंजी, माळा पालथा घातला, पोरांना बक्षीस लावलं. एक अंडं मिळालं नाही. मग अंगणात पडलेल्या पिसांकडं लक्ष गेलं. कोंबड्या पिसं गाळत होत्या, आणि त्या दिवसांत अंडी थांबतातच, दोन-तीन महिनेसुद्धा. शिवाय आपल्याकडं त्या सुमाराला दिवस जेमतेम ११ तासांचा, आणि भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला १४ तासांच्या वर उजेड लागतो.

अंडी लपवतेय की घालतच नाहीये, हे ओळखायची खूण एका शेजाऱ्यांनी दाखवली. कोंबडी उलटी काखेत धरायची आणि शेपटीखालची दोन टोकदार हाडं चाचपायची. मध्ये दोन-तीन बोटं बसली आणि तुरा लालभडक असला तर ती अंड्यावर आहे. एकच बोट बसलं तर शोधाशोध करू नका.

प्रयाग चिखली

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही जनावरं आणि सात कोंबड्या घेऊन पाहुण्यांकडं गेलो. घाईत वडिलांनी कोंबड्या आंब्याच्या लाकडी पेटीसकट उचलल्या, कारण धरायला वेळ नव्हता आणि दोघी पेटीतच बसलेल्या होत्या. पाहुण्यांकडं चांगलं सिमेंटचं खुराडं होतं. पंधरा दिवस अंडी नाहीत. धक्का बसला की असं होतं हे आम्हाला माहीत होतं. नंतर सुरू झाली ती त्या खुराड्यात नाही, त्या जुन्या पेटीत. पेटी गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेली, तरी सातही जणी तिथं रांग लावायच्या. दुसरी पेटी शेजारी ठेवली तर तिच्यात कोणी जाईना. जुन्या पेटीतलं मूठभर पिंजर तिच्यात टाकलं, तेव्हा गेल्या.

घर पडलं होतं, बाकी सगळं नव्यानं उभं केलं. ती पेटी अजून आहे.

शिरोळ

खुडकीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. खोक्यात एक खुडूक ठाण मांडून बसली की बाकीच्यांना ती चोच मारते, आणि त्या बाहेर जागा शोधतात. आमच्याकडं श्रावणात अंडी खात नाहीत, साठतात, म्हणून तेव्हा मी तिला मुद्दाम बसवते. पण खोक्यात नाही. रात्री अंधारात उचलून दुसऱ्या खोलीत बुट्टीत, खाली ११ अंडी. २१ दिवस. दिवसा हलवलं तर ती उठून परत जुन्या जागी पळते.

पिल्लं नको असतील तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खाली अंथरूण काही नको, पाणी-दाणा मात्र द्या. पोटाखालून हवा लागली की अंगातली खुडूक उतरते. पाण्यात बुडवतात तसं कृपा करून करू नका. मी लहानपणी बघितलंय, त्या जिवाचे हाल होतात.

पाचगाव

एकोणीस दिवसांनी सांगते. खोकी दांडीखाली दीड फुटावर आणली, बारदान लावलं, प्लास्टरची अंडी ठेवली, दहा दिवस दुपारी दोनपर्यंत दार बंद. पहिले तीन दिवस त्या खुराड्याच्या कोपऱ्यात जमिनीवरच घालत होत्या. मग त्या कोपऱ्यात विटा रचल्या. पाचव्या दिवसापासून खोक्यात यायला लागली. पिंजर बदललं तेव्हा चिखलीच्या दादांचं ऐकून जुनं मूठभर ठेवलं.

उद्यमनगरच्या दादांनी आकृती तर दिलीच, झाकणाचा पत्राही कापून दिला आणि पैसे घेतले नाहीत. सासूबाई बाहेरून झाकण उघडतात, उभ्यानंच. काल ६ अंडी पडली, पाच खोक्यात.

सहावी, ती तांबूस गावरान, अजून गवती चहातच जाते. तिला कोंडून ठेवलं की अंडंच दाबून धरते असं दिसलं. म्हणून त्या गड्ड्यात बुट्टी आडवी ठेवली, आत एक खोटं अंडं. आज सकाळी ती बुट्टीत बसली होती. आठ दिवस तशीच बसू देणार, मग बुट्टी रोज हातभर खुराड्याकडं सरकवायची.