मदत हवी आहे : पिस्तुलाच्या चामडी होल्स्टरचे तोंड ताठ कसे ठेवावे?

नागपुरात माझे पट्टे-पाकिटे शिवण्याचे काम आहे. एका परवानाधारक ग्राहकासाठी .३२ बोअर पिस्तुलाचे, कमरेच्या पट्ट्यावर घालायचे होल्स्टर करतो आहे. मजुरी सोडून खर्च १,५०० रुपयांच्या आत बसवायचा आहे. माप ग्राहकाने दिलेल्या लाकडी प्रतिकृतीवरून घेतले आहे.

क्रोमने कमावलेल्या मऊ चामड्याचा पहिला नमुना आठवड्यातच ढिला पडला. शिवाय त्यातील क्षारांमुळे धातू गंजण्याची भीती असते. म्हणून दुसरा नमुना बाभळीच्या सालीने कमावलेल्या ३ मिमी चामड्याचा, ओला करून प्रतिकृतीवर बसवून, मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने शिवला. ट्रिगर पूर्ण झाकला जातो.

अडचण तोंडाची आहे. पिस्तूल काढले की कड आत दबते, आणि परत घालताना ती दुमडून ट्रिगरगार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कड्यात) शिरली तर ट्रिगर दाबला जाऊन गोळी सुटू शकते. तोंडाशी चामड्याची दुसरी पट्टी शिवून पाहिली, पण पावसाळी दमटपणात तीही नरमली. ग्राहकाला प्लास्टिक नको आहे.

अशा वेळी दोन थरांमध्ये स्टीलची पातळ पट्टी घालावी, की जाड चामड्यानेच हे साधेल. आणि पट्टी घातल्यास घामाने ती गंजू नये म्हणून काय करावे?