मदत हवी आहे: सी प्रोग्रामिंगमध्ये कोल्हापूरचा कोल्हा होतोय!

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्ट म्हणून एसटी थांब्यांची यादी करतोय. स्ट्रक्टमध्ये (एका थांब्याची माहिती एकत्र ठेवणारा साचा) आधी नावासाठी २० कॅरचा ॲरे (एकेका बाइटच्या २० घरांची ओळ), लगेच त्याखाली भाडं, इंट (पूर्णांक). घरी उबुंटूवर जीसीसी (सी चा कंपायलर) आहे. वर्गात सांगितलं होतं की मजकूर कॉपी करायला स्ट्रकॉपी धोक्याचं, कमाल लांबी देता येणारं स्ट्रएनकॉपी वापरा. म्हणून तेच वापरलं, शेवटी २० दिलंय.

पुणे, मिरज, कराड, सातारा, सांगली सगळं झकास छापतं. कोल्हापूर छापलं की "कोल्हा" येतं, पुढे एक प्रश्नचिन्हाचा चौकोन आणि त्यापुढे इंग्रजी कॅपिटल पी. मला वाटलं हा 'पूर'चा पी! पण इचलकरंजीला "इचलकरं", चौकोन आणि मग २ चा आकडा येतो. तो कुठला?

स्ट्रलेनने कोल्हापूरची लांबी २७ सांगितली. मी बोटांवर मोजली तर चारच अक्षरं.

अजून एक. एफगेट्सने कीबोर्डवरून गावाचं नाव घेतो, स्ट्रकम्पने यादीतल्या नावांशी जुळवून शोधतो. मिरज यादीत असून "थांबा नाही" म्हणतं. दोन रात्री गेल्या, कोणी सांगेल का?

प्रतिसाद १
एक विचारतो: कोल्हापूरचं भाडं ८० आणि इचलकरंजीचं ५० टाकलंयस का?

धागाकर्ता
हो!! खोटीच भाडी आहेत, पण हेच आकडे. दादा, तुम्हाला कसं कळलं?

प्रतिसाद १
आस्कीमध्ये (अक्षरांना आकडे देणारी यादी) ८० म्हणजे कॅपिटल पी, ५० म्हणजे २ हे अक्षर. तुझं भाडं नावात गळतंय. कोल्हापूरचं ८१ करून बघ, पी चा क्यू होईल.

स्ट्रलेन अक्षरं मोजत नाही, शून्य बाइट (मजकूर संपल्याची खूण) येईपर्यंतचे बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. क, ो, ल, ्, ह, ा, प, ू, र अशी ९, म्हणजे २७ बाइट. सांगली आणि सातारा १८ मध्ये बसतात म्हणून वाचले. २० वर कापलं की सहा चिन्हं पूर्ण येतात, म्हणजे नेमका "कोल्हा", आणि वर 'प'चे तीनपैकी दोन बाइट लटकतात. तोच तुझा चौकोन.

आता स्ट्रएनकॉपीचा खोडसाळपणा: मजकूर जागेपेक्षा मोठा असला तर ते शेवटी शून्य ठेवतच नाही. छापणाऱ्या प्रिंटएफला थांबायचं कुठे हे कळत नाही, ते पुढे भाड्यात शिरतं. ८० नंतरचा बाइट शून्य असल्यामुळे तिथे थांबलं, हे नशीब. मुळात हे फंक्शन जुन्या युनिक्समधल्या ठरावीक लांबीच्या रकान्यांसाठी होतं. तिथे फाइलचं नाव १४ बाइटच्या खणात ठेवत, उरलेल्या जागेत शून्यं. "सुरक्षित स्ट्रकॉपी" म्हणून ते वर्गावर्गात कसं पसरलं, देव जाणे.

प्रतिसाद २
स्ट्रएनकॉपीऐवजी एसएनप्रिंटएफ वापर, शेवटी शून्य नक्की मिळतं. पण तेही बाइटवरच कापतं, त्यामुळे अर्धं चिन्ह राहू शकतं. ते टाळायला: २० च्या ॲरेत कामाचे १९ बाइट, विसावा शून्यासाठी. मूळ नावातल्या १९ व्या क्रमांकाच्या बाइटवर जा (मोजणी ० पासून). त्याचे वरचे दोन बिट १ आणि ० असतील तर तो चिन्हाची शेपटी आहे, एक घर मागे ये. शेपटी नसलेला बाइट मिळाला की त्याच्या आधीपर्यंत कॉपी कर आणि तिथे शून्य ठेव. "१२८ पेक्षा मोठा का" अशी तुलना मात्र साध्या कॅरवर करू नकोस. तुझ्या मशीनवर असा बाइट कॅरमध्ये उणे आकडा होतो, ती अट कधीच खरी ठरणार नाही.

मिरजेचं सोपं आहे. एफगेट्स एंटरसुद्धा आत घेतं. स्ट्रलेन लाव, १२ ऐवजी १३ येतील. स्ट्रसीएसपीएनने न्यूलाइनची (त्या एंटरच्या खुणेची) जागा शोधून तिथे शून्य टाक.

प्रतिसाद ३
रकानेही वाकडे येतील, कारण प्रिंटएफ रुंदीसुद्धा बाइटमध्येच मोजतं. मी त्यावर एक रविवार घालवलाय. भाडं आधी छाप, नाव शेवटी. संपलं.

धागाकर्ता
मिरज सापडली! प्रतिसाद २ मधल्या ताईंनी सांगितलं तसं कापूनही बघितलं. चौकोन गेला, पी गेला. पण स्क्रीनवर अजून "कोल्हा"च आहे...

प्रतिसाद १
अरे, २० बाइटच्या खोलीत २७ कसे मावतील? ॲरे ६४ चा कर. कापणं फक्त त्याहून लांब नावांसाठी.

धागाकर्ता
केला. कोल्हापूर अख्खं आलं, इचलकरंजीही.