५५ हजारांत गेमिंग पीसी : स्वतः असेंबल केलेल्यांनी अनुभव सांगा

भाचा बारावी झाला, इतके दिवस ताईच्या जुन्या लॅपटॉपवर व्हॅलोरंट हा गेम खेळायचा, आता त्याला पीसी करून द्यायचाय. बजेट ५५ हजार, मॉनिटर त्यातच. याद्या यूट्यूबवर भरपूर आहेत, मला त्या नकोत. स्वतःच्या खिशातून पार्ट घेतलेल्यांनी कुठे पैसे वाचवले आणि कुठे वाचवायला नको होते तेवढं लिहा.

*

मी सांगलीचा. २०२१ ला केला तेव्हा ग्राफिक कार्डांचे भाव आभाळाला भिडलेले, त्यामुळे बाकी सगळीकडे कात्री लावली आणि सगळ्यात मोठी एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला. कॅबिनेटबरोबर आला तोच ठेवला, वर ५०० वॉट लिहिलेलं होतं. गेम चालू केला की वीस मिनिटांत पीसी रीस्टार्ट. दोन महिने मी रॅम बदल, विंडोज परत टाक, कार्ड काढून पुसून लाव, हेच करत होतो, शेवटी मित्राचा एसएमपीएस आणून लावला आणि त्या रात्री तीन तास सलग खेळलो. मग जुन्याचं स्टिकर नीट वाचलं, १२ व्होल्टला फक्त १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॉट! प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः त्याच १२ व्होल्टवर चालतात. तेव्हा मोठ्या आकड्यावर जाऊ नका, हा रकाना बघा. आणि ८० प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते याचा असतो, आतला माल किती टिकेल याचा नाही.

*

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारा. मला "आय सेव्हन आहे साहेब, १६ जीबी आहे" म्हणून सेट दाखवला, नंबर बघितला तर ४७७०, म्हणजे २०१३ चा, विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीतच नाही. त्याऐवजी नवा आय थ्री १२१००एफ घेतला. तोही चार कोरचाच, पण गेममध्ये कितीतरी पुढे. फक्त त्या एफचा अर्थ लक्षात ठेवा, आत ग्राफिक्स नाहीत, कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही.

*

दादा, मी अजून कार्ड घेतलेलंच नाही. रायझन ५६००जी वर (या प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स आहेत) दीड वर्ष व्हॅलोरंट मस्त चाललंय, सेटिंग लो. सुरुवातीला रॅमची ८ जीबीची एकच काडी होती तेव्हा सारखं अडखळायचं, कारण यातले ग्राफिक्स रॅमच वापरतात. दुसरी ८ ची लावली आणि फरक लगेच जाणवला. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, आणि बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणारं सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या स्पीडला चालवायचा पर्याय, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी स्पीडलाच पळत राहते. पण पुढे नक्की कार्ड घेणार असाल तर साधा ५६०० बरा, त्यात कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, दुप्पट आहे.

*

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक कार्डांवर ते चलन कमावणं, बंद झालं आणि वापरलेली कार्डं स्वस्तात निघाली, तेव्हा मी एक घेतलं. विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास गेम चालवून, पंखे आणि तापमान बघूनच पैसे दिले. अजून चालू आहे. कुरिअरने मात्र मागवू नका.

*

१४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेतलात तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ निवडा, आणि केबल मदरबोर्डला नाही तर कार्डाला. माझ्या भावाने तीन महिने ६० वरच खेळलं.

*

एवढं सगळं घेताय तर ज्या प्लगला लावणार तिथे अर्थिंग आहे का ते आधी बघा. आमच्या जुन्या वाड्यात नव्हतं, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. सध्या ५६००जी, ८ च्या दोन काड्या आणि चांगला ५५० वॉटचा एसएमपीएस घेतोय, कार्ड दिवाळीला बघू. त्याला स्पर्धेसाठी नाही, मित्रांबरोबर खेळायचंय, त्यामुळे कॅशेचं नुकसान चालेल. अर्थिंगचं डोक्यातच नव्हतं, ताईला फोन केला, उद्या सकाळी वायरमन येतोय.