मदत हवी आहे: रानात सापडलेली पाटली, एका सराफाकडे सोनं, दुसऱ्याकडे पितळ

कृष्णाकाठची_सून

नमस्कार मंडळी. दागिने, गलाई (सोनं आटवून शुद्ध करायचा धंदा), मेटल डिटेक्टरचं मशीन यातलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया सांगा. घरात यावरून रोज वाद चाललाय.

आम्ही पलूस तालुक्यातले, नदीकाठचं रान. धाकट्या दिरांनी पाईपलाईनचे गाडलेले व्हॉल्व्ह शोधायला मेटल डिटेक्टर आणला. व्हॉल्व्ह मिळाले आणि त्यांना मशीनचा नाद लागला. ऊस तुटून गेल्यावर खालची पट्टी मोकळी होती, तिथं फिरवायला लागले. त्या पट्टीत आमचा जुना वाडा पाडल्यावर त्याची पांढरी माती टाकली होती, त्यामुळे निघतंयही भरपूर. बैलाच्या शिंगाच्या टोकाची पितळी शेंबी, स्टोचा बर्नर, फवारणी पंपाचं नोझल, कमळाचे २० पैसे. प्रत्येक पिवळी वस्तू घरी येईपर्यंत सोनं असते आणि चिंचेनं घासली की पितळ होते.

मग ही पाटली निघाली. अर्धी चेपलेली. नक्षीच्या खाचांत झगझगीत पिवळी, उठावाच्या कडांवर तांबूस, आतल्या अंगाला हिरवी खपली. सासूबाईंनी हातात घेतली आणि म्हणाल्या, "ही आत्यांचीच." आजेसासूबाईंच्या जोडीतली एक पाटली वाड्यात हरवली होती म्हणे, दुसरी सासूबाईंच्या कपाटात आहे. बातमी भावकीत पोचली. चुलत सासरे चहाला आले आणि वाडा सामाईक होता याची आठवण देऊन गेले.

सांगलीला सराफ कट्ट्यावर नेली. पहिल्या सराफांनी कसोटीच्या दगडावर घासून तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, थेंब सोडला, रेघ तशीच राहिली. "सोनं दिसतंय," म्हणाले, पण विकत घ्यायचं नाव काढलं नाही. दुसऱ्यांनी आतल्या बाजूला कानस मारली आणि तिथला कस घेतला. तेजाब पडताच रेघ हिरवट होऊन गायब. "पितळ आहे ताई."

सासूबाईंचं म्हणणं, दुसऱ्याचा पाडून मागायचा डाव आहे. दीर म्हणतात, मशीनवर आकडा सोन्याचाच येत होता, आता आटवूया म्हणजे काय ते कळेल. एकच वस्तू दोन ठिकाणी दोन प्रकारची कशी? आणि न आटवता खात्री करायचा काही मार्ग आहे का?

फुकटचा_सल्ला

कमळाचे २० पैसे जपून ठेवा. आमच्या गावात त्यात सोनं असतं म्हणून लोकांनी अंगठ्या करून घातल्या होत्या. निकेल-पितळ ते. १९६८ पासून थोडी वर्षं पाडली, रंग मात्र असा की भलेभले फसले.

विट्याचा_गलाईवाला

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या गलाई. मुक्काम कोइमतूर, मूळ खानापूर तालुका. आटवू नका, हे आधी सांगतो. मुशीत गेलं की वरचं आणि खालचं एक होतं, मग ना पाटली राहते ना पुरावा.

दोन्ही सराफ खरं बोलले. तुमच्या पाटलीला मुलामा आहे, म्हणजे वरून सोन्याचा पातळ थर, आणि जुना मुलामा आजच्या एक ग्रॅमवाल्या दागिन्यांसारखा फुंकरीनं उडणारा नसतो. पूर्वी सोनं पाऱ्यात कालवून ते लोणी पितळेवर किंवा तांब्यावर चोळायचे आणि निखाऱ्यावर पारा उडवायचे. सोनं खालच्या धातूला धरून बसायचं. पहिल्यांनी कस घेतला तो त्या थराचा. तेजाब सोन्याला काही करत नाही, रेघ राहणारच. दुसऱ्यांनी कानशीनं थर ओलांडला, तिथं पितळ लागलं आणि त्यातलं तांबं हिरवं होऊन गेलं.

तुम्ही लिहिलेल्या खुणाही तेच सांगतात. मुलामा उठावावर झिजतो, खाचेत टिकतो. कडा तांबूस दिसते कारण ओल्या मातीत वर्षानुवर्षं राहिलं की पितळेतलं जस्त निघून जातं आणि तांबं मागं उरतं. हिरवी खपली म्हणजे तांब्याचा गंज. २२ कॅरेटची पाटली शंभर वर्षं मातीत राहिली तरी पाण्यानं धुतली की पिवळीच. फार तर किंचित तांबूस छटा येईल, पण अशी हिरवी खपली धरत नाही.

खात्री करायची तर पाण्यात वजन करा. अर्ध्या ग्लास पाण्यासकट ग्लास काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. पाटली दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. आता काट्यावर जो आकडा येईल त्यानं पाटलीच्या कोरड्या वजनाला भागा. २२ कॅरेट सोनं साडेसतरा-अठराच्या आसपास येतं, शुद्ध सोनं १९.३. पितळ साडेआठच्या आगेमागे. पाटलीला बुडबुडे चिकटले असतील तर आधी झटका.

एक सांभाळा. बोरमाळेचे मणी, वाट्या, जुने पोकळ गोठ यात लाख भरलेली असते. ते अस्सल सोन्याचे असले तरी आकडा पितळेच्या खाली येतो आणि बायका रडत बसतात. पाटली भरीव असेल तरच हा हिशोब खरा.

आणि तेजाब घरी आणू नका. वाफ छातीत जाते. काट्याचं काम काट्यानंच होतंय.

कराडी

मशीनबद्दल थोडं. दिरांना सांगा, मशीन सोनं ओळखत नाही. जमिनीखालच्या वस्तूतून वीज किती सहज वाहते आणि वस्तू केवढी आहे, यावरून ते आकडा देतं. त्यामुळे बारीक अंगठी, गोळ्यांच्या पाकिटाची ॲल्युमिनियमची पन्नी आणि कॅनच्या झाकणाचा खटका, तिघांचा आकडा सारखा येऊ शकतो. सोन्याचा आकडा म्हणून एक ठिकाण नसतंच, वस्तू मोठी झाली की तो सरकतो. पितळेची पाटली आणि सोन्याची पाटली यातला निवाडा त्या पडद्यावर होणार नाही.

वर आपली माती काळ्या पाषाणाची, तिच्यात लोहचुंबकी खनिजं. मशीन उगाच बोंबलत असेल तर जमिनीचं सेटिंग नव्यानं करा.

आणि ते मशीन घेऊन कुठल्या गडावर, देवळापाशी जाऊ नका. संरक्षित स्मारकात खणणं गुन्हा आहे. स्वतःच्या रानात खरंच जुना ऐवज निघाला तरी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गाडलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १० रुपये वाचून हसू येतं, पण आकडा तोच आहे. तुमच्या पितळेसाठी तिथवर जायला लागेल असं वाटत नाही.

माणदेशी

कृष्णेच्या वाळूत सोनं मिळतं का हो? आमचे एक पाहुणे म्हणतात मिळतं.

कराडी

पाहुण्यांना वाळू धुवायचं पॅन देऊन पाठवा. आपल्याकडचा खडक लाव्ह्याचा, त्यातून सोनं येत नाही. कर्नाटकात हट्टीला सोनं निघतं, कोलारला २००१ पर्यंत निघत होतं, पण तिथले खडक आपल्यापेक्षा कितीतरी जुने आणि वेगळ्या जातीचे.

विट्याचा_गलाईवाला

धागा चाललाच आहे तर सांगून ठेवतो. "खोदकामात सोनं सापडलंय, गुपचूप स्वस्तात देतो" म्हणणारे याच मुलाम्यावर जगतात. पहिला मणी खरा देतात, तो तुम्ही सराफाकडे तपासता, तो पास होतो. मग पिशवीभर घेता, ते सगळं पितळ. कुणी असा आला तर नमुना त्याच्या हातून घेऊ नका. पिशवीत हात घालून स्वतः उचला आणि कानस मागा. तो लगेच उठून जाईल. गेला की पोलिसांना कळवा.

कृष्णाकाठची_सून

धन्यवाद मंडळी. दिरांच्या ओळखीच्या दुकानात गेलो, बारीक काटा होता. सासूबाईंनाही नेलं, नाहीतर पटलं नसतं. कोरडं वजन २१.४० ग्रॅम, पाण्यातला आकडा २.५२. म्हणजे साडेआठ. पाटली भरीव आहे, कानशीच्या खाचेत स्पष्ट दिसतं.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग कपाटातली?" तो प्रश्न माझ्या मनात येऊनही मी विचारला नव्हता.

विट्याचा_गलाईवाला

तीही बुडवा. पाण्यानं सोन्याला काही होत नाही.

कृष्णाकाठची_सून

बुडवली. कोरडी २३.९५, पाण्यात १.३६. सतरा पूर्णांक सहा. त्याच दुकानात कॅरेटोमीटरवरही (सोन्याचं कॅरेट सांगणारं मशीन) टाकली, २२ च्या जवळच आली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर नक्षीही वेगळी निघाली. कपाटातलीवर वेल आहे, रानातलीवर नुसत्या चौकटी. म्हणजे ही त्या जोडीतली नव्हेच, वाड्यातल्या कुणाची तरी मुलाम्याची असणार.

आता दीर म्हणतात, मग खरी अजून रानातच आहे. उद्यापासून वरची पट्टी. चुलत सासऱ्यांनी मात्र सापडलेल्या पाटलीवरचा हिस्सा आज सकाळी फोन करून सोडला.