शब्दचर्चा: 'शक-द्राविड' म्हणजे नेमके कोण?

बखरकर: एका जुन्या पुस्तकात 'मराठे हे शक-द्राविड वंशाचे' असं वाक्य सापडलं. हा शक शालिवाहन शकातलाच का? आणि असा वंश खरंच मानतात?

ताम्रपट: हा जोडशब्द हर्बर्ट रिस्ले यांच्या 'सायथो-द्राविडियन'वरून आलाय. 'सायथियन' म्हणजे शक, मध्य आशियातून भारतात आलेले लोक. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त. त्यांनी भारतातल्या लोकांचे सात 'प्रकार' पाडले, त्यातला हा एक. मराठी ब्राह्मण, कुणबी आणि थेट कुर्गी (कर्नाटकातल्या कोडगूचे) लोकही त्यांनी याच खान्यात घातले.

मोजणी कशी? कॅलिपरने डोक्याची रुंदी आणि लांबी घ्यायची, रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचं. लांबी १८० मिलिमीटर, रुंदी १४४, तर आकडा ८०. हा 'शीर्ष निर्देशांक'. ७५ च्या खाली लांब डोकं, ८० च्या वर रुंद. पंजाबात डोकी लांब भरली, पश्चिमेकडे रुंद. आता ही रुंदी आली कुठून? रिस्लेंनी शकांना बोलावलं!

मोडीवाला: आणि तिथेच गाडी अडते. शक क्षत्रपांचं (प्रांताधिपती राजांचं) राज्य गुजरात, माळवा, फार तर नाशिक-कार्ल्यापर्यंत. त्यांच्यातल्या नहपान या क्षत्रपाला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला सापडलेल्या नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवरच सातकर्णीचा ठसा मारलेला दिसतो. मूठभर राज्यकर्त्यांनी गावोगावच्या कुणब्यांची डोकी रुंद केली म्हणायचं? कुर्गात तर शक पोचलेच नव्हते. अभ्यासक रमाप्रसाद चंदांनी १९१६ मध्ये शकांऐवजी पामीरकडचे रुंद डोक्याचे लोक पुढे केले. माझ्या मते एक तर्क गेला, दुसरा आला.

ताम्रपट: 'द्राविड'चंही तेच. भाषाभ्यासक कॉल्डवेलने १८५६ मध्ये भाषाकुळासाठी रुळवलेलं नाव रिस्लेंनी शरीराला चिकटवलं. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, हाही त्यांचाच सिद्धांत. मूळचे मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये तेच आकडे पुन्हा तपासले. उत्तर प्रदेशाकडे मेळ थोडाफार बसतो, इकडे महाराष्ट्रात बसत नाही, असं त्यांनी दाखवलं.

बखरकर: मग लिहिताना हा शब्द वापरायचा का?

मोडीवाला: 'रिस्लेच्या वर्गीकरणातले शक-द्राविड' असा, अवतरणात. नुसता नको. आणि शालिवाहन शकाचं म्हणाल, तर तिथे 'शक' म्हणजे कालगणना. त्या नावामागे मुळात हेच शक लोक आहेत, पण पंचांगात 'शके' लिहिताना कुणाच्या डोक्याचं माप अभिप्रेत नसतं.