दाह, शोथ की सूज?

वाकळ :
परिचर्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनींना विकृतिशास्त्राची (पॅथॉलॉजीची) तोंडओळख करून देणाऱ्या एका छोट्या पुस्तिकेचा मी सध्या अनुवाद करत आहे. पेशींना होणारी इजा, पेशींचा मृत्यू, रक्ताची गुठळी, गाठींची वाढ या प्रकरणांत काही ना काही शब्द सापडत गेले. अडले ते इन्फ्लमेशनपाशी, म्हणजे इजा झालेली जागा लाल होते, सुजते, दुखते त्या प्रक्रियेच्या नावापाशी. पहिल्या खर्ड्यात मी सर्वत्र 'दाह' लिहिले होते. खर्डा तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'यकृताचा दाह' या शब्दांखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले की, रुग्णाच्या यकृतात आग होत नसते, 'सूज' लिहा. तसा बदल करून पुढे गेले, तर दोन पानांनंतर मूळ लेखकाचे वाक्य समोर उभे राहिले : इन्फ्लमेशनमध्ये सूज येते, पण प्रत्येक सूज म्हणजे इन्फ्लमेशन नव्हे. आता हे मराठीत 'सुजेमध्ये सूज येते, पण प्रत्येक सूज म्हणजे सूज नव्हे' असे होऊन बसले आहे. 'शोथ' हा शब्द मला ठाऊक आहे, परंतु माझ्या वाचकांपैकी कितीजणींच्या कानांवरून तो गेला असेल याची शंका वाटते. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

सूक्ष्मदर्शी :
वाकळताई, आपल्या डॉक्टरांचा आक्षेप मला अर्धाच पटतो. रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात या अवस्थेची चार लक्षणे नोंदवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. युरोपीय भाषांनी त्यांतील उष्णता उचलून साऱ्या घटनेला पेटण्याचे नाव दिले. आपण तिच्या जागी सूज बसवली, तरी एका लक्षणाचे नाव संपूर्ण प्रक्रियेला देण्याचा दोष तसाच राहतो.

मी हा विषय शिकवतो, त्यामुळे नावाच्या आधी प्रक्रिया पाहावी असा माझा आग्रह असतो. इजा झाली की त्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब येते. त्यांच्या भिंती झिरपू लागतात व प्रथिनांनी दाट झालेला द्रव बाहेर साचतो, म्हणून सूज येते. आणि पाठोपाठ पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटून, तिच्या फटींतून अंग चोरत बाहेर पडतात. पहिल्या दिवशी बहुधा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी असते, पुढे त्यांची जागा मॅक्रोफेज ही दुसऱ्या जातीची पेशी घेते. हृदयाचे काम मंदावलेल्या रुग्णाच्या पायांवर जी सूज येते, तिच्यात यांतले जवळजवळ काहीच घडत नाही. तेथे शिरांमधील दाब वाढल्यामुळे पातळ, प्रथिने कमी असलेला द्रव ऊतींमध्ये उतरतो आणि बोटाने दाबल्यावर खळगा उरतो. काढून टाकलेल्या अपेंडिक्सचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता, गुलाबी स्नायुथराच्या धाग्यांमध्ये जांभळ्या, तीन-चार पाळ्यांच्या केंद्रकांचे न्यूट्रोफिल घुसलेले दिसले, की आम्ही अहवालात तीव्र अपेंडिसायटिस असे निःशंकपणे लिहितो. त्या काचपट्टीवर आग नसते आणि सूजही कोणी मोजलेली नसते.

म्हणून 'शोथ' लिहावे. परिभाषेतील शब्द विद्यार्थ्याने घरी ऐकलेला असावा ही अपेक्षाच मला अनाठायी वाटते. 'न्यूट्रोफिल' तरी त्याने कुठे ऐकलेला असतो?

पाटीपेन्सिल :
मग 'इन्फ्लमेशन' असेच देवनागरीत का लिहू नये? ज्या मुली ही पुस्तिका वाचणार आहेत, त्या वॉर्डात 'स्वेलिंग आहे', 'पस झालाय' असेच बोलणार आहेत आणि रुग्णाच्या कागदावरही तेच शब्द लिहिलेले असणार आहेत. परीक्षेपुरता पाठ करायचा आणि नोकरीला लागताच विसरायचा असा शब्द घडवण्यात आपण पिढ्या घालवल्या आहेत.

माझी खरी तक्रार वेगळ्या शब्दाविषयी आहे. हल्ली कशालाही 'इन्फेक्शन झाले' म्हणतात. घोटा मुरगळून सुजला, उन्हाने पाठ लालबुंद झाली, युरिक ॲसिडच्या स्फटिकांमुळे पायाचा अंगठा रात्रीत टरारून आला, तरी घरची माणसे इन्फेक्शन म्हणून मोकळी होतात, आणि मग उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांची पाकिटे डब्यातून बाहेर निघतात. या तिन्ही ठिकाणी जंतू नाहीत, इन्फ्लमेशन मात्र आहे. हा फरक ठसवायचा असेल, तर रुग्णाला कळणारा शब्द हवा, आणि 'शोथ' तो नव्हे.

वैद्यबुवा :
पाटीपेन्सिल यांनी 'शोथ' कृत्रिम ठरवण्याआधी थोडे मागे जावे. शोथ, शोफ आणि श्वयथु हे तिन्ही शब्द 'श्वि' म्हणजे फुगणे, वाढणे या एकाच धातूपासून आले आहेत आणि जुन्या वैद्यकग्रंथांत ते एकमेकांच्या जागी सर्रास येतात. इन्फ्लमेशनला 'शोथ' आणि एडीमाला (ऊतींत द्रव साचून आलेल्या सुजेला) 'शोफ' अशी वाटणी आधुनिक परिभाषाकारांनी केली. ती सोयीची आहे हे मान्य. पण ती परंपरेने आलेली आहे असे कोणी समजू नये. 'दाह' हा शब्द आयुर्वेदात आग होण्याच्या जाणिवेसाठी येतो, त्यामुळे वाकळताईंच्या डॉक्टरांची लाल रेघ नकळत शास्त्रशुद्ध आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतरावा अध्याय अवश्य पाहावा. व्रणशोथाच्या, म्हणजे गळू होऊ घातलेल्या सुजेच्या, तेथे तीन अवस्था सांगितल्या आहेत : आम, पच्यमान आणि पक्व. आमावस्थेत ऊब बेताची, त्वचेचा रंग पूर्वीचाच, स्पर्श कठीण आणि वेदना मंद. पच्यमान अवस्थेत सुया टोचल्यासारखी, मुंग्या चावल्यासारखी वेदना, ज्वर आणि तहान. पक्वावस्थेत वेदना उतरते, त्वचेला सुरकुत्या पडतात आणि बोटाने दाबलेला भाग पुन्हा वर येतो. कच्चे असताना चिरू नये आणि पिकल्यावर चिरायचे टाळू नये, हा शल्यवैद्याला दिलेला इशाराही तेथेच आहे. मराठी माणूस 'गळू पिकले' म्हणतो तेव्हा तो हीच भाषा बोलत असतो.

जुनेपान :
वैद्यबुवांचा प्रतिसाद वाचून फार बरे वाटले. आमच्या सातारा जिल्ह्यातील गावी ठणका, बेंड, पुळी, चिघळणे, खपली धरणे असे शब्द रोजच्या बोलण्यात होते आणि त्यांतील प्रत्येकाची पायरी ठरलेली होती. एकदा वडिलांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि त्यांनी तो कोणाला सांगितला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते जांघेत दुखते म्हणून लंगडू लागले, तेव्हा आजीने जांघ चाचपली आणि 'अवधाण आलंय, पाय बघू' म्हणून थेट टाच उलटी केली. मग अळशीचे पोटीस झाले, काटा निघाला आणि गाठ आपोआप जिरली. दुखते एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, हे सांगणारा 'अवधाण' हा एकच शब्द शहरात कोणाला माहीत नसतो, याचे वाईट वाटते. वाकळताईंनी पुस्तिकेत त्याला जागा द्यावी.

रानवाट :
'अवधाण' हा शब्द आमच्या घरीही होता, मात्र तो फक्त जांघेतल्या गाठीसाठी. हाताच्या जखमेमुळे काखेत गाठ आली तर तिला कोणी अवधाण म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

मूळ प्रश्नाबद्दल : मराठी विश्वकोशात 'दाहयुक्त सूज' आणि 'द्रवयुक्त सूज' अशी जोडी वापरलेली आढळते. पहिली शोथासाठी, दुसरी शोफासाठी. वाकळताईंचे अडलेले वाक्य त्या जोडीने सुटावे.

सूक्ष्मदर्शी :
ते एक वाक्य सुटेल, प्रकरण सुटणार नाही. पाठीच्या मणक्यांच्या क्षयात जे गळू होते, त्याला थंड गळू म्हणतात, कारण त्याच्यावर ना लाली असते ना ऊब. ही जुनाट इन्फ्लमेशनच आहे. 'दाहयुक्त सुजेमुळे झालेले थंड गळू' असे लिहिले, तर हुशार विद्यार्थिनी पहिल्याच तासाला हात वर करील.

वाकळ :
थंड गळवाचे उदाहरण उत्तम आहे, धन्यवाद. पुढच्याच प्रकरणाचे शीर्षक 'रोगाचे निदान' असे आहे. त्यावर तरी वाद नसावा अशी आशा करते.

वैद्यबुवा :
वाद आहे. माधवनिदान हा ग्रंथ रोग ओळखण्यासाठीच आहे, परंतु निदानपंचकात निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी पाच अंगे येतात आणि त्यांतील पहिल्या 'निदान' शब्दाचा अर्थ कारण असा आहे. आजच्या मराठीत तोच शब्द डायग्नोसिससाठी रुळला, आणि रोग शरीरात कसा घडत गेला हे सांगणारा 'संप्राप्ती' हा नेमका शब्द आम्ही महाविद्यालयाच्या आवारात ठेवून आलो. पॅथोजेनेसिसला 'रोगजनन' म्हणण्यापेक्षा 'संप्राप्ती' कधीही सरस.

पाटीपेन्सिल :
वैद्यबुवा, आपल्या न्यायाने 'निदान एक फोन तरी करायचा होता' या वाक्यातील निदानाचे काय करावे? शब्द ज्या अर्थाने चालतो, तो त्याचा अर्थ. डायग्नोसिस म्हणजे निदान हे रिक्षावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांना मान्य असताना, तेराशे वर्षांपूर्वीच्या अर्थाचा दावा लावणे हा निव्वळ शुद्धीचा हट्ट झाला.

वैद्यबुवा :
हट्ट म्हणायचाच असेल तर 'पेशी'बद्दल म्हणा, कारण तेथे घोटाळा जिवंत आहे. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी आणि नऊशे स्नायू सांगितले आहेत. त्याच्या पेशी म्हणजे मांसाचे पट्टे, म्हणजे आजचे मसल, आणि त्याचे स्नायू म्हणजे बांधणाऱ्या दोऱ्या. मराठी शाळेने मसलला 'स्नायू' म्हटले आणि मोकळी झालेली 'पेशी' सेलला देऊन टाकली. हिंदीत मात्र पेशी अजूनही मसलच आहे आणि सेल ही 'कोशिका'. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षात 'पाचशे पेशी' वाचतो आणि माणसाच्या शरीरात एवढ्याच सेल का, असे विचारतो. सूक्ष्मदर्शींनीही वर 'स्नायुथर' लिहिला आहे, हे नम्रपणे नोंदवतो.

सूक्ष्मदर्शी :
लिहिला आहे, आणि पुढेही लिहीन. सुश्रुताला सेल दाखवणारे भिंग उपलब्ध नव्हते, त्यामुळे त्याच्या शब्दावर त्याचा मालकी हक्क मला मान्य नाही. रोग नेमका कुठे असतो या प्रश्नाचे उत्तर युरोपातसुद्धा टप्प्याटप्प्याने खाली सरकत गेले. इटलीच्या मोर्गाग्नीने 1761 मध्ये शेकडो शवविच्छेदनांच्या आधारे रोग अवयवात दाखवला. फ्रान्सच्या बिशाने 1801 च्या सुमारास, तेही सूक्ष्मदर्शकावर विश्वास न ठेवता, एकवीस प्रकारच्या ऊती मानल्या. आणि जर्मनीच्या फिरखोने 1858 मध्ये रोग पेशीत आणून ठेवला. अवयव, ऊती, पेशी ही उतरंड मराठी शाळेत सातवी-आठवीचे मूल बिनचूक सांगते. ती मोडून 'कोशिका' आणायची आणि रक्तातील पांढऱ्या पेशींना उद्यापासून श्वेतकोशिका म्हणायचे, यात रुग्णाचा लाभ कोणता?

रानवाट :
'ऊती' हा शब्द 'वे' म्हणजे विणणे या धातूवरून आला आहे आणि टिश्यू या शब्दाच्या मुळाशीही विणकामच आहे, एवढे या निमित्ताने सांगून ठेवतो. परिभाषाकारांनी सगळेच बिघडवले असे नाही.

जुनेपान :
काखेतल्या अवधाणाविषयी मी घरी विचारले. आमच्या थोरल्या काकूंच्या म्हणण्याप्रमाणे बोटाला नखुरडे झाले की काखेत येते तेही अवधाणच. रानवाट यांच्या घरी तो शब्द जांघेपुरता असेल तर तो त्यांच्या घरचा संकोच आहे, शब्दाचा नव्हे. शाळेतल्या पुस्तकातील 'लसीकाग्रंथींची (लिंफ ग्लँडची) सूज' या लांबलचक शब्दप्रयोगापेक्षा हा एक शब्द पुरेसा आहे.

सूक्ष्मदर्शी :
'लसीकाग्रंथी' या शब्दालाच माझी हरकत आहे. ग्रंथी म्हणजे ज्यातून काही स्रवते ती, जशी लाळेची किंवा घामाची. या गाठी काहीच स्रवत नाहीत. त्यांच्यातून लसीका गाळली जाते आणि पांढऱ्या पेशींची फौज तेथे जंतूंना सामोरी जाते. आम्ही इंग्रजीतही ग्लँड म्हणणे सोडून नोड म्हणू लागलो आहोत.

वैद्यबुवा :
संस्कृतात 'ग्रंथी' म्हणजे गाठच. स्रवण्याची अट तुम्ही लोकांनी नंतर घातली.