मदत हवी आहे: जुना साग चिरायला बँडसॉला कोणतं ब्लेड घ्यावं?

नमस्कार मंडळी. १४ इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टी-ब्लेडची करवत) आहे. जुन्या घराच्या तुळया निघाल्यात, साग, सहा इंच रुंदीच्या. त्यातून तीन-तीन सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फळ्या काढायच्या आहेत. सध्या चार सुती रुंदीचं ब्लेड आहे, इंचाला १० दाते. खुर्चीच्या पायांना ठीक, पण तुळईत घातलं की भुसा दात्यांच्या खाचेत कोंबतो, लाकूड काळं पडतं आणि काप मधोमध पोट धरतो. गाइड (ब्लेडला सरळ धरणारे आधार), टेन्शन (ब्लेडचा ताण) दोन्ही तपासलं.

म्हणजे कमी दात्यांचं, मोठ्या खाचेचं ब्लेड हवं हे उघड आहे. अडलंय ते पुढे: इंचाला ३ घेऊ की ४? रुंदी चार सुतीच ठेवू की सहा सुती? मशीनवर सहा सुती बसतं, पण एवढ्या फ्रेमवर त्याला पुरेसा ताण मिळतो का, शंका आहे. शिवाय सागातली सिलिका साध्या कार्बन स्टीलची धार लगेच खाते. बायमेटल (दात्यांना जास्त कठीण स्टीलची धार) पुरेल की थेट कार्बाइड टिप (दात्यांच्या टोकाला अतिकठीण पण ठिसूळ कार्बाइड)? (खिळे उपटलेत, तरी एखादा आत तुटून राहिलेला असणारच, म्हणून कार्बाइडला हात आखडतोय.)

असा जुना साग स्वतः चिरलेल्यांनी सांगा.